यंत्र वाजलं, पुढे काय? मेटल डिटेक्टरचा इतिहास आणि नवशिक्याचे धडे

या मालिकेत आपण बहुतेक वेळा राजे, लढाया आणि कागदपत्रं यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय एक यंत्र आहे. देवळाच्या दारात, रेल्वे स्टेशनवर, मॉलमध्ये आपण रोज ज्याच्या चौकटीतून आत जातो, तो मेटल डिटेक्टर. त्याचंच एक भावंडं आहे: लांब दांडी, खाली ताटलीसारखी चकती, वर छोटा पडदा आणि कानाला लावायचा हेडफोन. जमिनीवरून ही चकती फिरवायची आणि खाली धातू असेल तर आवाज येतो. सुरुवातीच्या किंमतीची अशी यंत्रं आता ऑनलाइन घरपोच मिळतात. आणि ती मिळायला लागल्यापासून एक प्रश्न वारंवार कानावर येतो. इंदूर असो, बडोदा असो, बेळगाव असो की तंजावर, मराठी माणूस जिथे आहे तिथे जवळपास एखादा किल्ला, गढी किंवा जुना वाडा असतोच. तर मग, "हे यंत्र घेऊन तिथे गेलं तर?"

या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, पण शेवटाकडे. कारण आधी हे यंत्र नेमकं काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायला हवं. आणि ते समजून घ्यायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे त्याचा इतिहास.

सुरुवात करू १८८१ सालापासून. २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने गोळ्या झाडल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षं होती. गोळी कुठे आहे हे कळायला मार्गच नव्हता, म्हणून डॉक्टर मंडळी जखमेत बोटं आणि सळया घालून शोधत होती. अशा वेळी मदतीला आले टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. त्यांनी तारांची दोन वेटोळी आणि टेलिफोनचा कर्णा यांची अशी जोडणी केली, की जवळ धातू आला की कर्ण्यात आवाज व्हावा.

प्रयोगशाळेत यंत्र व्यवस्थित चाललं. अध्यक्षांच्या खाटेजवळ मात्र घोळ झाला. एक तर त्यांच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यामुळे भलतीकडेच आवाज येई. दुसरं असं, की मुख्य डॉक्टर ब्लिस यांची ठाम समजूत होती, गोळी शरीराच्या उजव्या बाजूलाच आहे. त्यामुळे शोध घेतला तो उजवीकडे. १९ सप्टेंबरला गारफिल्ड गेले. शवविच्छेदनात गोळी सापडली डाव्या बाजूला.

मंडळी, मेटल डिटेक्टरच्या इतिहासातली ही अगदी पहिली गाजलेली घटना, आणि नवशिक्याने शिकायचे दोन्ही मोठे धडे तिच्यात आहेत. पहिला धडा: यंत्राला तुमची गोळी आणि तुमच्या गादीची स्प्रिंग यांतला फरक आपोआप कळत नाही. दुसरा धडा: आपण जिथे शोधायचं ठरवतो, तिथलंच यंत्र सांगतं. आपली समजूत चुकीची असेल, तर चांगलं यंत्रही काही करू शकत नाही.

पुढची उडी दुसऱ्या महायुद्धात. पोलंड जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर पोलिश सैन्याचे अनेक अधिकारी ब्रिटनमध्ये येऊन लढत होते. त्यांतले एक होते युझेफ कोसाट्स्की. स्कॉटलंडमध्ये असताना त्यांनी १९४१च्या सुमारास जमिनीतले सुरुंग शोधणारं, एका माणसाने उचलून चालता येईल असं यंत्र तयार केलं. त्याचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, आराखडा ब्रिटिश सैन्याला तसाच देऊन टाकला. १९४२च्या ऑक्टोबरमध्ये इजिप्तमध्ये एल अलामीनची लढाई झाली, तेव्हा रोमेलच्या फौजेने पेरलेल्या सुरुंगांतून वाट काढायला अशी सुमारे ५०० यंत्रं वापरली गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुंग शोधणारा शिपाई यंत्र वाजलं की काय करत असेल? तो थांबतो. जागेवर खूण करतो. मग हळूहळू, बाजूने माती सरकवतो. घाईने टिकाव मारणारा शिपाई दुसरा सुरुंग शोधायला उरत नाही. युद्ध संपल्यावर हीच जास्तीची लष्करी यंत्रं बाजारात आली आणि हौशी लोकांच्या हातात गेली. पुढे ट्रान्झिस्टरमुळे यंत्र हलकं आणि स्वस्त झालं. यंत्र लोकांपर्यंत पोचलं खरं, पण शिपायाची ती थांबायची सवय त्याच्याबरोबर सगळ्यांपर्यंत पोचली नाही. आपल्या आजच्या गोष्टीचं मर्म इथेच आहे.

आता यंत्र चालतं कसं, ते थोडक्यात बघू. चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एकातून सतत दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात, त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असेल, तर त्या धातूत लहान लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचं स्वतःचं क्षीण चुंबकीय क्षेत्र असतं, आणि ते दुसरं वेटोळं टिपतं. लोखंड, तांबं, चांदी यांचा प्रतिसाद किंचित वेगवेगळ्या वेळी येतो. त्या फरकावरून यंत्र अंदाज बांधतं आणि आकडा किंवा आवाज देतं. साधारणतः लोखंडाला खालचा, घोगरा सूर, तांब्या-चांदीला वरचा, स्वच्छ सूर. पण हा अंदाजच. सोन्याची पातळ अंगठी आणि चॉकलेटचा चुरगळलेला चांदीचा कागद, दोघांचा आवाज जवळपास सारखा येऊ शकतो.

नवीन माणूस इथेच फसतो. यंत्रात नको असलेला धातू गाळायची सोय असते. खिळे आणि बुचं यांचा कंटाळा येतो, म्हणून तो गाळणी जास्तीत जास्त घट्ट करतो. मग कचऱ्याबरोबर कामाची वस्तूही गळून जाते. सुरुवातीला गाळणी जवळजवळ बंद ठेवून सगळे आवाज ऐकावेत. कान तयार होईपर्यंत दुसरा उपाय नाही.

सराव कुठे करायचा? स्वतःच्या अंगणात, परसात, नाहीतर मातीने भरलेल्या मोठ्या कुंडीत. एक खिळा, एक सोडा बाटलीचं बूच, तांब्याचं एखादं जुनं नाणं, दहा रुपयांचं नाणं, अशा वस्तू पाच, दहा, पंधरा सेंटिमीटर खोल पुरा. कुठे काय पुरलं याचा कागदावर नकाशा काढा. मग चकती जमिनीला समांतर ठेवून, जमिनीच्या अगदी जवळून, सावकाश फिरवा. झाडू मारताना आपण टोकाला हात वर उचलतो, तसं करू नका. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर थोडा चढला पाहिजे, नाहीतर मध्ये पट्टे सुटतात. आवाज आला, की त्याच जागेवरून आडवी दिशा धरून पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी तोच सूर आला तर भरवसा ठेवा. एका दिशेने वाजतं आणि दुसरीकडून तुटक येतं, ते बरेचदा वाकडं लोखंड असतं.

एक गंमत करून बघा. आपलं आजचं एक रुपयाचं नाणं पोलादी आहे, ते चुंबकाला चिकटतं. त्यामुळे यंत्र त्याला नाणं न म्हणता लोखंडाच्या रांगेत बसवण्याची शक्यता बरीच. म्हणजे परदेशी व्हिडिओत बघितलेले आकडे आपल्या खिशाला लागू पडतीलच असं नाही. आपल्या मातीचंही तेच. दख्खनचा काळा पाषाण लोहयुक्त खनिजांनी भरलेला आहे आणि कोकणातला जांभा तर लोहामुळेच तांबडा. अशा जमिनीत धातू नसतानाही यंत्र कुरकुरतं. त्यासाठी जमिनीशी जुळवून घ्यायची सोय यंत्रात असते. ती आधी लावा, आणि संवेदनक्षमता थोडी कमी ठेवा. साधं यंत्र एखादं नाणं वीतभर खोलीपर्यंत टिपतं, त्याच्या फार पलीकडे नाही. "सात पुरुष खोल हंडा" दाखवणारं यंत्र म्हणून कोणी काही विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

हे झालं हाताचं आणि कानाचं शिक्षण. यानंतरचा धडा डोक्याचा आहे, आणि तो अमेरिकेतल्या एका रणांगणावर फार चांगला दिसतो. २५ जून १८७६ रोजी मोंटानात लिटल बिगहॉर्न नदीकाठी जॉर्ज कस्टर याच्या घोडदळाचा लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी पाडाव केला. कस्टरबरोबरच्या तुकड्यांतलं कोणी वाचलं नाही. त्यामुळे अमेरिकेत शंभर वर्षं एकच चित्र रंगवलं गेलं: टेकडीवर शेवटच्या श्वासापर्यंत झुंजणारे वीर. लाकोटा आणि शायेन लोक वेगळं सांगत होते. त्यांच्याकडच्या आठवणींत शेवटी सैनिकांची फळी मोडली होती, गोंधळ झाला होता. पण त्यांचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

१९८३ साली त्या मैदानावरचं गवत वणव्यात जळालं आणि जमीन उघडी पडली. १९८४ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी तिथे मेटल डिटेक्टर वापरायचे ठरवले. चालवणारे कोण? तर हौशी स्वयंसेवक. ते रांगेत चालले. यंत्र वाजलं की फक्त एक छोटं निशाण रोवायचं आणि पुढे जायचं. मागून दुसरे लोक जपून माती काढत आणि वस्तू जिथे होती ती जागा मोजून नोंदवत. काडतुसांची रिकामी नळकांडी आणि गोळ्या अशा हजारो वस्तू मिळाल्या. बंदुकीची टाचणी प्रत्येक काडतुसावर आपला ठसा सोडते. एकाच बंदुकीची नळकांडी नकाशावर कुठे कुठे आहेत हे जोडलं, की ती बंदूक रणांगणावर कशी सरकत गेली ते दिसतं. त्यातून कळलं, की योद्ध्यांकडे भराभर गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर बंदुका बऱ्याच होत्या, तर सैनिकांकडच्या बंदुकीत एका वेळी एकच काडतूस बसे. आणि फॉक्स यांनी नकाशावरून निष्कर्ष काढला, की सैनिकांची फळी खरोखरच कोसळली होती. योद्ध्यांच्या वंशजांनी जपलेल्या कहाणीला जमिनीने साक्ष दिली.

आता विचार करा. तीच नळकांडी कोणीतरी आधीच गोळा करून पिशवीत भरून नेली असती, तर? प्रत्येक नळकांडं तेच राहिलं असतं, पण ते बोललं नसतं. बोलली ती वस्तूची जागा. पुरातत्त्वात "संदर्भ" म्हणतात तो हाच: वस्तू कुठे होती, किती खोल होती, शेजारी काय होतं.

याचा याहून ढळढळीत पुरावा इंग्लंडमध्ये एकाच वर्षी, दोन ठिकाणी मिळाला. तिथे १९९६चा खजिना कायदा आहे. त्यात मोडणारी वस्तू सापडली की १४ दिवसांत कळवावं लागतं. वस्तू संग्रहालयाने घेतली, तर तिची किंमत शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात साधारणतः वाटली जाते. लहानसहान वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजनाही आहे आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या गेल्या आहेत.

२०१५च्या जूनमध्ये लेमिन्स्टरजवळ दोघा हौशी शोधकांना नवव्या शतकातला ठेवा सापडला: दागिने, चांदीची लगड आणि अंदाजे ३०० नाणी. त्यांनी तो कळवला नाही. नाणी गुपचूप विकायला काढली. पोलिसांनी त्यांच्या फोनमधून पुसलेले फोटो परत मिळवले, तेव्हा ठेवा किती मोठा होता याचा अंदाज आला. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली. पण खटला उभा राहिला तेव्हा हाती होती फक्त ३१ नाणी.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑक्सफर्डशरमधल्या वॉटलिंग्टनजवळ जेम्स मॅथर या हौशी शोधकाचं यंत्र वाजलं. चांदीची लगड दिसली, मग नाणी दिसली. मॅथर थांबले. खड्डा बुजवला आणि तज्ज्ञांना कळवलं. तज्ज्ञांनी तो ठेवा मातीच्या ढेकळासकट उचलून ब्रिटिश म्युझियममध्ये नेला आणि तिथे माती कणाकणाने काढली. सुमारे २०० नाणी, दागिने आणि लगडी निघाल्या. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाने २०१७ मध्ये तो ठेवा १३.५ लाख पौंडांना घेतला.

नाण्यांत असं काय होतं? त्या काळी वेसेक्सचा राजा होता आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा केओलवुल्फ. आल्फ्रेडच्या दरबाराच्या प्रभावाखाली लिहिलेल्या बखरीत केओलवुल्फला मूर्ख आणि व्हायकिंगांच्या हातातलं बाहुलं ठरवलेलं आहे. हजार वर्षं तेच खरं मानलं गेलं. पण या दोन्ही ठेव्यांमध्ये दोन्ही राजांच्या नावांची, एकाच घडणीची नाणी निघाली. म्हणजे दोघे बरोबरीने, मैत्रीने कारभार करत होते, आणि नंतर आल्फ्रेडच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी मित्राला इतिहासातून पुसून टाकलं. विजेत्याची बखर आणि पराभूताचं नाणं असा हा सामना आहे. बखरी वाचणाऱ्या आपल्या मराठी माणसाला तो वेगळा समजावून सांगायला नको.

दोन्ही ठिकाणची यंत्रं वाजली. दोन्हीकडे तोच इतिहास जमिनीत होता. एका ठिकाणी तो आख्खा हाती आला, दुसऱ्या ठिकाणी बहुतेक नाणी कुठे गेली त्याचा पत्ता नाही. फरक यंत्राच्या किमतीत नव्हता. वाजल्यानंतरच्या पहिल्या तासात काय केलं, यात होता.

आता वळू आपल्याकडे. महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझच्या मूर्ती सापडल्या: रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. एकत्र वजन ६० किलोंच्या वर. त्या शेतकऱ्याकडे यंत्र नव्हतं, त्याचा काही दोषही नाही. पण मूर्ती नेमक्या कुठल्या थरात होत्या, हे शास्त्रीय उत्खननात नोंदलं गेलं नव्हतं. नंतर एस. ए. साळी यांनी तिथे मोठं उत्खनन केलं. त्यांच्यासह काहींच्या मते मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या. डी. पी. अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका घेतली आणि त्या बऱ्याच नंतरच्या असाव्यात असं म्हटलं. मूर्ती तशाच आहेत, सुंदर आहेत, आणि त्यांच्या वयाचा वाद मात्र चालू आहे. एका थराची नोंद नसण्याची ही किंमत.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: किल्ल्यावर, गढीवर, पांढरीच्या टेकाडावर हे यंत्र घेऊन जायचं नाही. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणणं १९५८च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, राज्यांचेही कायदे आहेत. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री आणि निर्यात १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येते. आणि स्वतःच्या शेतात, विहीर खणताना, घराचा पाया घेताना काही सापडलं तर? त्यासाठी १८७८चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. लपवणाऱ्याचा वाटा बुडतो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवणाऱ्याला मात्र कायद्याने हक्क आहेत. मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर वाटणी अशी सांगितली आहे: तीन हिस्से शोधणाऱ्याला, एक जमीनमालकाला. सरकारने वस्तू स्वतःकडे घेतली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यायचा असतो.

यात एक उणीव आहे, ती बोलून दाखवायला हवी. धातूची किंमत म्हणजे वितळवल्यावर येणारी किंमत. झिजलेल्या शिवराईत तांबं असून असून किती असणार? इतिहासाच्या दृष्टीने ती अनमोल असू शकते, पण कायदा तिला जवळजवळ भंगाराच्या तराजूत घालतो. मग सामान्य माणूस सोनाराकडे जातो किंवा गप्प बसतो. इंग्लंडमध्ये लोक कळवतात, कारण कळवण्याने नुकसान होत नाही हे त्यांना माहीत आहे. आपल्याकडे गुप्तधनाच्या नादात लोक मांत्रिकापर्यंत पोचतात. महाराष्ट्राला २०१३ मध्ये अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला, त्यात धनाच्या शोधापायी होणारे असे प्रकारही येतात. हाव आणि भीती, दोन्हींत वस्तू हाती लागते आणि इतिहास हातातून जातो.

तेव्हा यंत्र घ्यायचं असेल तर जरूर घ्या. अंगणात शिका. शेतात हरवलेला कोयता, वाळूत पडलेली अंगठी, जमिनीखालून गेलेला पाइप शोधून द्या. शेजारपाजारचे दुवा देतील. आणि कधी काळी आपल्याच जमिनीत असा आवाज आला, असं काही दिसलं, की ते आपल्या काळाचं नाही हे जाणवतंय, तर खुरपं बाजूला ठेवा. वस्तू उपटू नका, धुऊ नका, घासू नका. जागेचा फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल. जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून अंतर मोजून लिहून ठेवा. माती हलकेच परत लोटा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला, पुरातत्त्व विभागाला कळवा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.

खाली धातू आहे, एवढंच यंत्र सांगतं. त्याचा इतिहास होणार की भंगार, ते आपण पुढे काय करतो यावर ठरतं. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.